जायफळ की मायफळ

तांबट आळीच्या तोंडाशी अंतोबा वैद्यांची ओसरी होती. बुवांच्या हाताला यश, पण नाकावर राग. त्यांचा एकच कायदा: जो चुकेल त्याने ओसरीची पायरी उतरायची, परत चढायची नाही. म्हणून बुवा छाती काढून सांगत, "माझ्या ओसरीवर चूक होत नाही!" होत नव्हती कुठली! मांजर माती ओढतं तशी जो तो झाकत होता.

सगुणा तिथं बाळगुटी उगाळायची. नवरा गेलेला, दोन लेकींची पोटं त्या सहाणेवर चालायची.

एके सकाळी शेवंता तांबटीण सहा महिन्यांचं लेकरू घेऊन आली. पोराला जुलाब लागलेले. बुवा आतून ओरडले, "मायफळ, वीस वेढे!" बाहेर हातोड्यांची ठाणठाण. सगुणाला ऐकू आलं जायफळ. आता मायफळ जुलाब थांबवतं नि जायफळ झोप आणतं. तिने सहाणेवर फळ गोल फिरवत मोजून वीस वेढे उगाळले. निम्मं पोराला पाजलं, निम्मं वाटीत दिलं. "हे दुपारी दे गं."

आवरायला घेतलं तेव्हा तिचं लक्ष गेलं. मायफळ कोरडं. जायफळ ओलं. "अगं बाई, जायफळ दिलं मी!" सगुणाच्या तोंडून निघालं.

शेजारी काढा गाळणारी ठकूबाई कुजबुजली, "पूस ते फळ नि गप बस. पोर निजलं तर आई दुवाच देईल."

"आणि उठलं नाही म्हणजे?"

"तू बोललीस तर तुझ्या पोरी काय वारा खाणार?"

पोरींची तोंडं सगुणाच्या डोळ्यांपुढं आली. पण उरलेल्या गुटीची वाटी अजून तांबटाच्या घरात होती. ती उठली. भरल्या ओसरीतून थेट आत गेली. "बुवा, माझ्या हातून चूक झाली. मायफळ सांगितलंत, मी जायफळ दिलं. मला मागाहून हाकला, आधी पोराकडं चला."

बुवा लालबुंद झाले. पण वहाणा न घालताच धावले.

शेवंता हसतमुखाने दारात आली. "किती दिवसांनी गाढ निजलंय बघा!" हातात पोराला पाजायचं बोंडलं, उरलेली गुटी भरलेली. सगुणाने ते हिसकावून अंगणात ओतलं. पोराची मान लुळी पडली होती. बुवांनी त्याला खांद्यावर घेतलं, तळपाय चोळले, ओलं फडकं फिरवलं, श्वास मोजला. घटकांमागून घटका गेल्या. दिवेलागणीला पोराने डोळे उघडले नि असा टाहो फोडला, की आळीतल्या सगळ्या हातोड्या थांबल्या. रडणं ऐकून सगळी आळी हसली!

शेवंताचा सासरा मात्र कडाडला, "आधी या बाईला हाकला!"

बुवांनी पोर शेवंताच्या हाती दिलं. मग म्हणाले, "हिला हाकललं, तर उद्याची चूक मला कोण सांगेल? तिरडी? ही बोलली म्हणून तुमचा नातू रडतोय. आणि ठाणठाणीत आतून ओरडलो मी. अर्धी चूक माझी."

दुसऱ्या दिवशी बुवांनी आपला कायदा मोडीत काढला. "चूक झाली तर येऊन सांगा. कुणी पायरी उतरणार नाही." सगळे उगाचच आपापली भांडी पुसू लागले. शेवटी ठकूबाईच खाकरली, "मग बुवा, माझी एक ऐका..." दुपारपर्यंत नऊ चुका निघाल्या. बुवा कपाळाला हात लावून बसले, मग एकेकीवर उपाय काढू लागले. औषधाचं नाव समोर येऊन सांगायचं. ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचं. फळ आईला दाखवायचं. नि शंका आली तर कुणीही कुणालाही थांबवायचं.

पावसाळ्यात ओसरी खच्चून भरली. घाईत बुवांनीच एकाचा काढा दुसऱ्याच्या हाती दिला. सगुणा चारचौघांत म्हणाली, "बुवा, थांबा!"

सगळ्या माना वळल्या. बुवांनी पेला मागं घेतला, वास घेतला. "खरं आहे, सगुणाबाई. चुकत होतो. वाचवलंत."

कोपऱ्यातली एक परगावची म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "इथं वैद्याला टोकता येतं होय? मग वाटेत तीन वैद्य लागेनात का, माझ्या सुनेला मी इथंच आणणार!"

तात्पर्य: चुकणाऱ्याला हाकललं की चूक जात नाही, लपून बसते; चूक सांगणाऱ्याला जवळ केलं की जीव वाचतो.