राजाच्या बाहुलीचा घास

एका राज्यात भिंतींना कान होते की नव्हते, ते मला विचारू नका. तिथे माणसांचे दगड होत, एवढे मात्र खरे. राजा वज्रसेनाविरुद्ध कुणी ब्र काढला, की दरबारचा मांत्रिक फुंकर घाली आणि उभ्या माणसाचा दगड होई. राजवाड्याच्या नव्या पायऱ्या त्याच दगडांच्या होत्या बरं!

वेशीवर गाणारा भिवा असाच दगड झाला. त्याची बहीण सगुणी कळसूत्री बाहुल्या नाचवी. ती दगडाला कवटाळून रडू लागली, तेव्हा वर बसलेली साळुंकी म्हणाली, "राजा स्वतःला ओळखून 'हा मीच' म्हणेल, त्या क्षणी शाप तुटेल. राजापुढे तीन खेळ कर. पहिला चुकला तर डावा हात दगडाचा, दुसरा चुकला तर उजवा. तिसरा चुकला तर तू सगळीच."

"करते," सगुणी म्हणाली.

तिच्या घरची रीत अशी, की खेळाआधी प्रत्येक बाहुलीच्या ओठांना आपल्या ताटातला घास लावायचा, मग ती राक्षसाची का असेना. राजाच्या बाहुलीला मात्र तिने घास दिला नाही. कसा देणार? माझाही हात उठला नसता.

पहिल्या खेळात भीतीपोटी तिने राजाला देव केले. राजाने जांभई दिली. "असा मी असतो तर काय हवे होते!" सगुणीचा डावा हात दगडाचा झाला.

दुसऱ्या खेळात तिने राजाला सुळे लावले, रक्त प्यायला लावले. लोक पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्याने राजा हसला. "हा कोण बुवा? सापडला तर आम्हालाही दाखवा!" उजवा हातही गेला.

"मी खरे तेच दाखवले ना गं?" सगुणी ओरडली.

"तुझा राग खरा," साळुंकी म्हणाली. "बाहुली उपाशी."

मग सगुणीने भाकरीचा तुकडा दातांत धरला आणि रडत रडत राजाच्या बाहुलीच्या ओठांना लावला. दोरे दातांनीच कोपरांना बांधले.

तिसऱ्या खेळात बाहुली आपल्या तोंडाने बोलली. "तो वेशीवर गातो आणि माझे शिपाई पायाने ताल धरतात. उद्या माझे कोण ऐकेल? त्याचा दगड करा. लवकर करा." एवढे बोलून बाहुलीने डोक्यावरून पांघरूण ओढले आणि ती थरथरू लागली.

कुणी हसले नाही. राजा उठला. त्याच्या तोंडून निघून गेले, "हा मीच."

दगड तडकले. माणसे उठली. पायऱ्यांसाठी तासली गेलेली मात्र उठली नाहीत. सगुणीचे हात परत आले. मांत्रिक पळाला. असले लोक पळतातच मेले!

राजा म्हणाला, "माझे मन जाणलेस. मग क्षमाही कर."

"बाहुलीची बाजू मांडली, महाराज. खेळ संपला. मी भिवाच्या बाजूची. क्षमा नाही."

राजाने मुकुट उतरवला आणि तो अनवाणी रानात गेला. राज्य पंचांनी सांभाळले.

भिवा म्हणाला, "ताई, ती बाहुली जाळ."

"नाही."

पुढच्या खेळाच्या दिवशी बहीणभाऊ एका ताटात जेवायला बसले. सगुणीने घास मोडून राजाच्या बाहुलीपुढे धरला. भिवाने तोंड फिरवले. ताट मात्र त्याने ओढून घेतले नाही.