हेमांगीची अंगाई

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता. त्याची थोरली कन्या हेमांगी पेटी वाजवू लागली की बोटे दिसेनाशी होत. ऐकणारे माना डोलवायचे विसरून नुसते बोटे शोधत बसत.

राजाने विकटजट जादूगाराचा खजिना लुटून आणला. त्यात एक सोन्याची पेटी होती. तिचा भाता आपोआप हले, वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे! हेमांगी हरखून गेली. ताना दुप्पट झाल्या, लय चौपट झाली. खजिना शापित होता, हे राजाला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्याने ऐकले नसते.

एके दुपारी महालात काळी वावटळ शिरली. धाकटी शेवंती बहिणीशेजारी बसली होती, तिची बसल्या जागी शिळा झाली. वावटळीने शिळा उचलली, पेटी उचलली आणि ती निघून गेली.

शेवंतीला आई नव्हती. हेमांगीनेच तिला मांडीवर वाढवले होते. राजा सैन्य गोळा करीपर्यंत हेमांगीचा घोडा वेशीबाहेर होता!

वाटेत एक साळुंकी तिच्या खांद्यावर बसली आणि माणसाच्या वाणीने म्हणाली, "राजकन्ये, डावीकडे वळ. उजवीकडचा डोंगर खोटा आहे."

हेमांगी डावीकडे वळली. खऱ्या डोंगराच्या गुहेत विकटजट बसला होता. समोर पेटी, पेटीपुढे शिळा.

"तीन कामे," जादूगार म्हणाला. "सूर्य मावळेपर्यंत केलीस तर बहीण तुझी. नाही केलीस तर तूही शिळा."

"सांगा."

"माझा वारा गुहेला फेरी घालील. त्याच्याआधी तान संपव."

वारा सुटला, तान सुटली. तान संपली तेव्हा वारा अर्ध्या वाटेवर धापा टाकत होता.

"छताला नाग लटकले आहेत. सूर चुकला की नाग खाली."

हेमांगीने सर्वांत अवघड गत घेतली. एकही नाग पडला नाही. दोघांना तर डुलकी लागली.

"आता हिला हलव."

हेमांगीने वाजवले, वाजवले, सारी विद्या ओतली. शिळा ढिम्म! सूर्य डोंगराला टेकला. हेमांगीची पावले गार पडली, मग गुडघे दगडाचे झाले. तिला आयुष्यात पहिल्यांदाच बोटांचा राग आला.

साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, या पेटीत वारा कोणाचा?"

"जादूगाराचा."

"मग शेवंतीला हाक कोण मारते आहे?"

हेमांगीने भाता आपोआप हलवणारी सोन्याची साखळी तोडली आणि डावा हात भात्यावर ठेवला. पट्ट्यांसाठी आता एकच हात उरला. तिच्या साऱ्या ताना दोन हातांच्या. एका हाताने काय येते? तिला फार भीती वाटली. मग तिने शेवंतीची अंगाई धरली.

तापाने फणफणलेली शेवंती तिला आठवली. भाता थरथरला. सूर फुगला, विरला, पुन्हा उसळला. बोट भलत्याच पट्टीवर पडले. धप्पकन एक नाग खाली आला!

विकटजट हसत उठला. हेमांगी कमरेपर्यंत दगड झाली होती, तरी ती थांबली नाही. नाग फणा काढून जवळ सरकला. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

तेवढ्यात शिळेतून बारीक आवाज आला, "ताई, अंगाईत तू इथे नेहमीच चुकतेस."

"हो गं," हेमांगी म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

शिळा तडकली. शेवंती हातपाय झाडत उठली. हेमांगीचे पाय मोकळे झाले. छतावरून धडाधड नाग पडले आणि माणसे होऊन उभे राहिले; तिच्याआधी इथे हरलेले ते वादक होते. विकटजटाची विद्या सरली. तो आपल्याच वाऱ्यात धूळ होऊन उडाला.

राजाने लुटीचा सगळा खजिना डोंगरात परत पोचवला आणि पुन्हा कोणाच्या धनाला हात लावला नाही. दरबारातल्या वादकांनी हेमांगीची ती चूक घोटून घोटून बिनचूक बसवली, पण त्या चुकीने साधा पेंगणारा द्वारपालही जागा झाला नाही.

हेमांगी मात्र त्या संध्याकाळी शेवंतीला घोड्यावर पुढ्यात घेऊन घरी निघाली होती. भाता ओढून तिचा डावा हात ठणकत होता आणि ती सुखात होती. तिला तिचे माणूस मिळाले, तसे ज्याचे त्याला मिळो.