विळ्यांचा आरसा

लोखंड अजून कुणी पाहिलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कोरियाच्या डोंगरांत एक लहानसं राज्य होतं. तिथल्या राजांची एक रीत होती. सणाच्या दिवशी राजा छातीवर काशाचा आरसा बांधून टेकडीवर उभा राही. ऊन आरशावर पडलं की खाली जमलेल्यांचे डोळे दिपत. लोक म्हणत, आपल्या राजाच्या छातीत सूर्य आहे. राजा मेला की त्याचा आरसाही त्याच्यासोबत मातीत जाई.

एका वर्षी नवा राजा गादीवर आला. त्याला बापाच्या आरशापेक्षा मोठा आरसा हवा होता. तेवढं कासं कुठून आणायचं? हुकूम सुटला, घरोघरचे काशाचे विळे आणा.

कासं वितळवून वस्तू घडवणारा ओतारी हात जोडून म्हणाला, "महाराज, महिन्याभरात भात कापणीला येईल. तेवढं होऊ द्या, मग हवं ते वितळवतो."

"सण त्याच्या आधी आहे," राजा म्हणाला. "आणि सूर्य माझ्या छातीवर असताना तुम्हाला भाताची काळजी कशाला?"

खरं सांगू? राजाचा मला तेवढा राग येत नाही. राजेच ते! राग येतो तो लोकांचा. त्यांनी गाणी म्हणत, रांगा लावून विळे आणून दिले. एक म्हातारी तेवढी विळा पाठीमागे धरून उभी राहिली. तिचं एकच शेत होतं आणि मागेपुढे कुणी नव्हतं.

"हा गेला तर मी खाऊ काय?" ती म्हणाली.

शेजाऱ्यांनीच तो तिच्या हातातून हिसकावला.

आरसा झाला. पाठीवर केसाएवढ्या बारीक रेघा, तोंड लखलखीत. सणाला सगळे दिपून गेले.

मग भात पिकलं. लोकांनी लोंब्या हातांनी ओरबाडल्या, देठ दगडांनी ठेचले. निम्मं शेतही उरकलं नाही, तोच पावसाने उभं पीक आडवं केलं. हिवाळ्यात म्हातारी उपाशी मेली. आणखीही पुष्कळ मेले. तापाने राजाही गेला.

ओतारी गावातल्या जाणत्यांच्या पाया पडला. "आरसा मला द्या. यंदा तरी विळे करू."

"जीभ झडेल तुझी!" ते ओरडले. "राजाचा आरसा राजासोबतच जायचा."

उपाशीपोटीही त्यांनी खोल खड्डा खणला. आरसा राजाच्या छातीवर ठेवला आणि वर माती लोटली. पुढच्या वर्षीचं भातही शेतातच कुजलं. उद्या कुणी तो आरसा उकरून काढला, तर रेघांची कारागिरी पाहून वाहवा करील. विळे कुणाला दिसणार नाहीत.

बोध एवढाच, की हातातल्या विळ्यापेक्षा दुसऱ्याच्या छातीवरची चमक ज्यांना मोलाची वाटते, ते पिकल्या शेतातही उपाशी मरतात.