उठणीचे दोर

त्या राज्यात कोणी उपाशी नव्हते, तरी राज्य खंगत चालले होते. तुपाची कोठारे भरून वाहत होती. जागा संपली तेव्हा बोळांत नवी कोठारे उठली, मग जिन्याखाली, मग जिथे फट दिसेल तिथे. त्यांचा कारभार घूसराव कोठावळे पाहत. आत आलेले सहसा बाहेर जाऊ द्यायचे नाही, एवढे एकच काम त्यांना शिकवले होते आणि घूसराव ते इमानाने करत. फार पूर्वी राज्याने दुष्काळ पाहिले होते. त्या आठवणीवर त्यांची नोकरी पक्की होती.

राज्याच्या तळाशी दोन खांब होते आणि खांबांना वेढून जाड दोर. माडीवरून हुकूम आला की दोर ताणले जात आणि सबंध राज्य, कोठारांसकट, उभे राही. याला उठणी म्हणत. उभे राहिलेले राज्य हिंडेफिरे, पाणी भरी, दाराची कडी काढी. उठणी चुकली तर काय, हे कोणी कधी विचारले नव्हते, कारण ती चुकत नसे.

दोरांची देखभाल सुगरण पक्षिणींकडे होती. पिळूबाई त्यांची मुकादम. दोराला वीस रंगांचे धागे लागत. अकरा रंग राज्यातच तयार होत. नऊ वेशीतून आणावे लागत, आणि त्या नवांतला एक जरी कमी पडला तरी वीण अडे. सुगरणींचा कायदा जुना होता. दोर कुरकुरला की धावायचे, तुटलेला तंतू शोधायचा आणि तिथे एकाचे दोन धागे भरायचे. जो दोर कुरकुरला नाही त्याला चोच लावायची नाही. शिवाय तुपाला शेकडो कोठारे असली तरी धागा ठेवायला राज्यात एक फडताळही नव्हते. दिवसभरात विणला न गेलेला धागा दिवेलागणीला चुलीत जाई.

पुढे माडीला बसणे मानवले. दिवसाला चाळीस उठण्या होत, त्या सहावर आल्या. दोर कुरकुरेनासे झाले. तुपाचे ओघळ त्यांच्या पिळात मुरले आणि तुपाच्या वाफेने सुगरणींचे कान बसले. दोर दिसायला पूर्वीइतकाच जाड होता. पिळूबाईने त्यावर पाय रोवला, तर पाय लोण्यात रुतावा तसा रुतला. तिने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर कोणी ऐकली असती, असेही नाही.

एके सकाळी उठणीला तीन झटके द्यावे लागले. माडी घाबरली. माडीवर वजनकाट्याची मोठी भक्ती होती. राज्याचे वजन हेच राज्याचे दुखणे, असे ठरले आणि वेस अर्धी बंद झाली. चुलींना जळण कमी पडू लागले. मुदपाकवाले घूसरावांकडे गेले. घूसरावांनी तूप दिले, पण मापाने आणि कपाळाला आठ्या घालून. उरलेल्या जळणासाठी मुदपाकवाले दोरांपाशी आले आणि पीळ उसवू लागले. पिळूबाई धावत घूसरावांकडे गेली.

"अहो, कोठारं फुटायला आलीत आणि माझे दोर जाळता?"

"रागावू नका, बाई," घूसराव म्हणाले. "तूप अडीअडचणीला लागतं. तुमचे दोर नाहीतरी बसूनच खातायत."

महिन्याने काटा खाली आला. माडीवर नगारा वाजला. खाली आलेल्यात तूप किती आणि दोर किती, हे काटा सांगत नसतो, आणि त्याला कोणी विचारलेही नाही.

पिळूबाईने माडीवर निरोप धाडला की धागा पाठवा. माडीने तो लगेच मान्य केला, कारण त्यात माडीला उठावे लागत नव्हते. वेशीतून गाड्या आल्या. विसाच्या वीस रंगांचे ढीग लागले. सुगरणी ढिगांवर बसून कुरकुरीची वाट पाहू लागल्या. विणून टाकू या की, असे एक-दोघी म्हणाल्याही. पिळूबाईने त्यांनाच दटावले. दोर कुरकुरल्याशिवाय चोच लावणारी सुगरण तिने आयुष्यात पाहिली नव्हती. दिवेलागणीला ढीग चुलीत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पंधरा दिवस राज्यात रंगीत धूर झाला. मग मात्र ती स्वतः माडी चढली.

माडीचे दिवाण एक पोक्त घुबड होते. त्यांनी तिला बसायला सांगितले; तिथे सगळ्यांनाच बसायला सांगत.

"दोर ओढा," पिळूबाई म्हणाली. "रोज. कुरकुरेपर्यंत."

"धागा पाठवला ना तुम्हांला?"

"पाठवलात. जळला. ओढल्याशिवाय आम्हांला ऐकू येत नाही, दिवाणजी. आणि आता तर कान बसलेत, तेव्हा जोरातच ओढावं लागेल."

"ओढलं की दुखतं. ते इथपर्यंत येतं."

"येऊ द्या. अजून पीळ आहे. आणखी एक पावसाळा गेला तर मला विणायला दोरच उरणार नाही."

दिवाणांनी डोळे मिटले, उघडले. "सोमवारपासून करू."

"कुठल्या?"

दिवाणांना हा प्रश्न उर्मट वाटला. असे पुष्कळ सोमवार त्यांनी आजवर मंजूर केले होते.

माडीला दोन खिडक्या होत्या. पिळूबाई मान फिरवून तिकडे पाहू लागली, ती पाहतच राहिली. समोर ओट्यावर गॅसच्या शेगडीवर दुधाचे पातेले होते. सायीची कड फुगून वर येत होती. दिवाणांनीही ते पाहिले आणि हुकूम खाली गेला.

दोर ताणले गेले. राज्य वीतभर उठले, थरथरले आणि खाली आले. तळातून एक लांब कुरकुर वर आली. बसलेल्या कानांनाही ती ऐकू आली. खाली सुगरणी धावल्या असतील, हे पिळूबाईला न बघता कळले. आणि आजचा धागा नुकताच चुलीत गेला आहे, हेही.

दुसरा हुकूम गेला. या वेळी राज्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हात पुढे आले आणि त्यांनी वेताच्या खुर्चीचे दांडे गच्च धरले. बोटांची पेरे पांढरी पडली. वेत करकरला. दूध पातेल्याच्या काठावर क्षणभर थांबले आणि उतू गेले. निळी ज्योत चुर्र करून विझली. स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती, आणि शेगडीची बारीक फुसफुस तेवढी चालू राहिली.