टेकवलेला त्रिशूळ

"बुवा, तुम्ही भ्यालात की काय?"

मार्तंडनं हे विचारलं तेव्हा मठाचे सटवाजीबुवा माळावरच्या एका खोलगट जागेत उकिडवे बसले होते. पावलं जुळवलेली, मान गुडघ्यांत, कानांवर हात.

"भ्यालो," बुवा म्हणाले. "तूही भिऊन घे. त्रिशूळ आडवा टाक आणि माझ्यापासून वीसेक पावलं लांब जाऊन असाच बस."

आश्विनातली दुपार होती. पावसाला सुरुवात झाली होती आणि काळंकुट्ट आभाळ माळावर चढत होतं. मठातला त्रिशूळ भैरोबाच्या जत्रेला निघाला होता. पुरुषभर उंच, भरीव लोखंडाचा. मठातून निघाला की देवळात पोचेपर्यंत तो उभाच न्यायचा, जमिनीला टेकवायचा नाही, अशी रीत. ज्यानं टेकवला, त्याला पुन्हा तो उचलायचा मान नाही.

बारा वर्षं मठाची भांडी घासल्यावर मार्तंडला हा मान मिळाला होता. तो असा माळावर टाकून द्यायचा? वा रे वा!

"मी नाही टेकवणार," तो म्हणाला. "पडायची तर पडू दे वीज. भैरोबाचा त्रिशूळ आहे हा!"

"वीज विचारत नाही, कुणाचा ते."

"मग मी त्या बेहड्याखाली उभा राहतो."

"अख्ख्या माळावर एकच झाड, आणि त्याच्याखाली तू. शहाणाच आहेस."

...

कडाडलं. मार्तंडच्या हातावरचे केस उभे राहिले. तरी त्यानं त्रिशूळ आणखी उंच धरला.

बुवा उठले. सत्तरी उलटलेले, गुडघ्यांवर हात देत आले, मार्तंडशेजारी उभे राहिले आणि त्यांनीही त्रिशूळ घट्ट पकडला.

"हे काय, बुवा? सोडा!"

"का?"

"अहो सोडा! वीज पडेल!"

"भैरोबाचा आहे ना?"

...

बुवांची मूठ सैल होईना. मार्तंडनं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा त्या सुरकुतलेल्या हातांकडे. त्याला रडू आलं. दातओठ खात त्यानं त्रिशूळ आडवा केला आणि चिखलात ठेवला.

दोघं दोन दिशांना पळाले आणि खाली बसले.

विजेचा पुढचा लोळ बेहड्यावर पडला. झाड बुंध्यापर्यंत उभं चिरलं.

पाऊस थांबला तसा मार्तंड उठू लागला.

"बस!" बुवा लांबून ओरडले. "अजून गडगडतंय."

शेवटच्या गडगडाटानंतरही त्यांनी त्याला चांगला अर्धा तास बसवून ठेवलं.

देवळात पंचांचे म्होरके भुजंगराव वाट बघत होते. त्यांना त्रिशुळाच्या दांड्यावरचा चिखल आधी दिसला; थंडीनं कुडकुडणारी दोन माणसं नंतर.

"कुणी टेकवला?"

बुवा काही बोलणार, तोच मार्तंड पुढे झाला.

"मी. आणि वेळ आली तर पुन्हा टेकवीन."

...

"रीत ठाऊक आहे ना?" भुजंगराव बुवांवर गरजले. "हा गडी बाद! आता पुढच्या वर्षी त्रिशूळ कुणाच्या हाती द्यायचा, बोला!"

बुवांनी उपरण्यानं चिखल पुसला आणि त्रिशूळ मार्तंडच्या हातात दिला.

"ज्याला तो खाली ठेवता येतो, त्याच्या."