काथ्याची जाळी

खाडीकाठच्या एका गावात रस्ता म्हणून टिकत नसे, त्या काळची ही गोष्ट. दर पावसाळ्यात खडी चिखलात रुतायची आणि चिखलालाच शिव्या घालायची.

एका वर्षी शेवंतीकाकीने खाऱ्या पाण्यात भिजत घातलेली नारळाची सोडणं कुटून काथ्या काढला, त्याची जाळी विणली आणि खडी पडण्याआधी चिखलावर अंथरली.

खडी हसली. "अगं, तू तर चार-पाच वर्षांत कुजून जाशील!"

"जाईन की," जाळी म्हणाली. "तोवर या चिखलाला धरून ठेवते. पाणी जाऊ देईन, पण याला वाहून जाऊ देणार नाही."

पावसाळे आले, गेले. रस्ता जागचा हलला नाही. सातव्या वर्षी नळासाठी चर खणला, तेव्हा खडीने खाली डोकावून पाहिलं. जाळीचा एक धागाही उरला नव्हता.

"म्हटलं नव्हतं? कुजली बिचारी! शेवटी रस्ता सांभाळला तो मीच."

चिखलाची आता घट्ट माती झाली होती. फावड्यावर तिचं एक ढेकूळ वर आलं. ते फुटता फुटेना, आणि त्याच्या अंगावर शेवंतीकाकीची वीण जशीच्या तशी उमटली होती.