दुरुस्त भांड्याला टिचकी मारू नये

त्या राज्यात भांडी राहत आणि मातीच्या भांड्यांना चिरा जात. पितळेच्या भांड्यांना जात नसत. म्हणून कारभार पितळेकडे होता आणि चिरांबाबतचे निर्णय सावकाश होत. भेटल्यावर एकमेकांना टिचकी मारून विचारपूस करण्याची तिथे रीत होती. खणखणीत आवाज आला की दोघेही आपापल्या वाटेने जात.

तिथल्या जातेबाईंनी एक जिवंत कणीक शोधून काढली होती. कानाजवळ लावली की तिचा कान होई, तोटीजवळ लावली की तोटी, चिरेत भरली की भिंत. निदान तसे व्हावे, अशी आशा होती. जातेबाई ती आधी फुटक्या खापरांवर लावून पाहत आणि बिघडलेली खापरे दारातच मांडून ठेवत. अशा घरी गर्दी कशी होणार?

रांजणबाई मात्र गेल्या. त्यांच्या बोळक्याला जन्मापासून चीर होती. सकाळी भरलेले पाणी दुपारपर्यंत झिरपून जाई, आणि आता चीर बुडाकडे सरकत होती. बुडाला पोचली की काय होणार, हे आईला कुणी सांगायला नको होते.

"चिमूटभर लावा हो," त्या म्हणाल्या.

"लावली असती, बाई. पण हिला थांब कसं म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. ते खापर बघा. भिंत मागितली, तर पोटात तोटी उगवली."

"मग कळणार कधी?"

"काम करू दिलं तर. घंगाळसाहेबांनी माझ्या कणकेच्या पोत्याला सील ठोकलंय. कणकेला आत्मा असतो का, यावर सभा चालू आहे."

पितळेचे एक वाक्य बराच वेळ घुमते. सभा लांबली.

बाजारात झाकणराव हीच कणीक राजरोस लावत होते. ते शोध लावत नव्हते, दुकान चालवत होते. आणि नियम शोधांसाठी होते. दर्शनी भागात हार घातलेली भांडी हसत उभी होती. वर पाटी होती : 'दुरुस्त भांड्याला टिचकी मारणे अशुभ.'

"ताई, जातेबाई दळत बसतील," झाकणराव मायेने म्हणाले. "लेकरू तोवर थांबेल का?"

 रांजणबाईंनी किंमत म्हणून आपले निम्मे पाणी झाकणरावांच्या हौदात ओतले.

चीर बुजली. रांजणबाईंनी पाटीचा मान राखला, टिचकी मारली नाही. मग एके सकाळी त्या पाणी घालायला वाकल्या तेव्हा बोळके म्हणाले, "आई, नको. जागाच नाही."

त्यांनी आत पाहिले. पोटात एक कान उगवला होता. त्याच्या मागे अर्धवट तोटी, तिच्या मागे आणखी एक कान. आणि उरलेली कणीक अजून काय व्हावे ते ठरवत होती. त्यांनी टिचकी मारली. थप्प.

"दोन कान!" दुकानात बोळक्याच्या आत डोकावत झाकणराव म्हणाले. "लोक एकासाठी रडतात हो!"

"काढा ते."

"काढायचं काम आम्ही करत नाही. जातेबाईंना विचारा, कणीक मूळची त्यांची."

रांजणबाई घंगाळसाहेबांकडे गेल्या. साहेबांना फार वाईट वाटले. त्यांनी तत्काळ हुकूम काढला आणि जातेबाईंच्या पोत्याला दुसरे सील ठोकले. झाकणरावांना ताकीद मिळाली : पाटीवरची अक्षरे ठळक करावीत.

पुढे झाकणरावांनी दुसरे दुकान काढले. उद्घाटनाच्या दिवशी रांजणबाई बोळके घेऊन पायरीवर जाऊन बसल्या. रांगेतले प्रत्येक भांडे जवळ आले की त्या बोळक्याला टिचकी मारत, त्या भांड्याला ऐकू जाईल अशी. थप्प. कडेवर चिरलेले पोर घेतलेली एक सुरई थबकली.

"काय झालं हो याला?" तिने विचारले.

रांजणबाईंनी तोंड उघडले, तोच साहेब आले. मागे तांबे, परात, समई, सगळे पितळ एकमेकांवर आदळत, घणघणत. रांजणबाई बोलत राहिल्या, टिचक्या मारत राहिल्या. ओठ हलताना तेवढे दिसले.

झाकणराव लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी बोळक्याला हार घातला. तो छान बसला. तोंडातून बाहेर आलेल्या कानाला त्यांनी तो अडकवला होता. सुरईने हार पाहिला, पोर सावरले आणि ती रांगेत पुढे सरकली.